बेट नंतर, आधी किनारा ठरवा

पत्र : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी १४ महिन्यांची. एखाद्या उष्ण प्रदेशातल्या बेटावर जायचं आमचं लग्नापासून ठरतंय आणि दरवेळी काहीतरी निघून राहतंय. यंदा नवऱ्याने मनावर घेतलंय. नऊ दिवस, तीन बेटं, रोज एक ठिकाण, पहाटेच्या बोटी, सगळं त्याने तक्त्यात बसवलंय. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा लेकरांना घेऊन समुद्रावर कशाला, मोठी होऊ देत. मला दोघांचंही थोडं पटतं. धाकटीला यातलं काही आठवणारसुद्धा नाही. जावं का? जायचं तर कोणतं बेट निवडावं? आणि थोरल्याला मासे बघायचेत, या वयात स्नॉर्केलिंग (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखाली बघणं) जमेल का? – दोन्हीकडून ओढली जाणारी आई

उत्तर : जा. मुलं मोठी व्हायची वाट बघाल तर उद्या शाळा आडवी येईल, परवा परीक्षा, आणि पुढे एक दिवस मुलगाच म्हणेल की मला मित्रांबरोबर जायचंय. धाकटीला आठवणार नाही हे खरं, पण सहल काही एकट्या धाकटीसाठी नाही. शिवाय वाळू आणि घोटाभर पाणी एवढ्यावर तासन् तास खूश राहणारं वय पुन्हा येत नाही. तिला काही ‘दाखवावं’ लागत नाही, हा या वयाचा मोठा फायदा.

नवऱ्याच्या तक्त्यावर मात्र मी काट मारणार आहे. नऊ दिवसांतले दोन जायला-यायला गेले. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे बॅगा भरणं, खोली सोडणं, धक्क्यावर ताटकळणं, बोट, पुन्हा गाडी, आणि नवी खोली तयार होईपर्यंत झोपेला आलेलं बाळ कडेवर. कागदावर दोन तासांचा दिसणारा हा प्रवास अख्खा दिवस खातो. असे दोन दिवस धरा. पोचल्यावर पहिले दोन दिवस मुलं उकाड्याला आणि नव्या घड्याळाला सरावत असतात, चिडचिडी असतात. मग उरलं काय? त्यातून बोट लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त होतो. दोन वर्षांखालच्या बाळांना तो क्वचितच होतो. म्हणजे तीन बेटांच्या बेतात धाकटी बोटीत शांत झोपेल आणि थोरला तुमच्या अंगावर उलटी करेल. एकच बेट, एकच खोली. फारच हौस असेल तर मधल्या एखाद्या दिवशी जवळची छोटी फेरी, तीही सकाळी, कारण वारा सहसा दुपारी वाढतो. बोटीत मधोमध बसा आणि मुलाला पुस्तक किंवा मोबाइल न देता लांब क्षितिजाकडे बघायला लावा.

कोणतं बेट, हा तुमचा प्रश्न. त्याआधी दोन प्रश्न सोडवा : कोणता महिना आणि बेटाची कोणती बाजू. लहान मुलांच्या सहलीत हेच खरं महत्त्वाचं आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. बेटाला चारही बाजूंनी समुद्र असतो, पण तो चारही बाजूंना सारखा नसतो. वारा जिकडून येतो तिकडच्या किनाऱ्यावर लाटा आणि बहुधा पाऊसही जास्त. आडोशाच्या बाजूला पाणी निवांत. ऋतू बदलला की बाजूही बदलते.

श्रीलंकेचं बघा. डिसेंबर ते मार्च तिथला नैर्ऋत्य किनारा शांत असतो. मे ते सप्टेंबरमध्ये तिथे समुद्र खवळलेला असतो, पण त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीच्या बाजूला पाणी छान असतं. थायलंडमध्ये फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर लाटा उसळतात आणि पोहायला बंदीचे लाल झेंडे लागतात. दुसऱ्या बाजूच्या को सामुईचा जोराचा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात जगभरचे सर्फर येतात ते तिथल्या प्रचंड लाटांसाठीच, आणि त्याच दिवसांत दक्षिणेला वाइकिकीला पाणी बरंच सौम्य असतं. मॉरिशसला जून ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्याला झोडपतात, तेव्हा पश्चिमेला आणि वायव्येला राहावं. बाली एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं असतं. वादळांचेही महिने ठरलेले आहेत : कॅरिबियन बेटांवर जून ते नोव्हेंबर, मॉरिशसच्या भागात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या महिन्यांत हॉटेलं स्वस्त का होतात हे यावरून कळेल. म्हणून सुट्टी कधी मिळते ते आधी पक्कं करा, त्या महिन्यात कोणता किनारा शांत असतो ते शोधा, आणि बेटाचं नाव सगळ्यात शेवटी लिहा.

किनारा निवडताना, जिथे प्रवाळाच्या रांगेने लाटा बाहेरच अडवल्या आहेत आणि आत उथळ, संथ पाणी आहे, असं लगून शोधा. पण जाहिरातीतला फोटो भरतीचा असतो. अशा किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी कधी कधी खूप आत सरकतं आणि उरतात ते खडक, शेवाळ आणि समुद्रातल्या काटेरी साळिंदरासारखे दिसणारे सी अर्चिन. याने खट्टू होऊ नका. ओहोटीच्या डबक्यांत छोटे खेकडे आणि मासोळ्या असतात, तुमच्या थोरल्याला त्याहून मोठी मौज नाही. फक्त दोघांच्याही पायांत रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेत. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाण्याचा चढ-उतार सगळ्यात मोठा. तारखा ठरवण्याआधी त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक नजरेखालून घाला. सकाळी आठ-नऊला पाणी कुठे असेल एवढंच बघायचं. उलट कॅरिबियन बेटांवर भरती-ओहोटीतला फरक मुळातच कमी असतो, तिथे ही कटकट फारशी नाही.

सकाळी आठ-नऊच म्हणतेय, कारण तुमचा दिवस सकाळी उघडतो आणि दहाला मिटतो. पुन्हा उघडतो तो चारनंतर. मधला वेळ सावलीचा, जेवणाचा, धाकटीच्या झोपेचा. उष्ण प्रदेशात भर दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११च्या वर जाणं नेहमीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सगळ्यात वरची, ‘तीव्रतम’ पायरी. आणि तीनपासूनच काळजी घ्या असं ती मोजपट्टी सांगते. पातळ ढग आलेत म्हणून फसू नका, त्यांतून बरेच किरण खाली येतात. वाळू आणि फेसाळ पाणी ते परतवतात, म्हणून छत्रीखाली बसलेलं बाळही भाजतं. साधी खूण सांगते : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की मुलांना आत न्या. तुमच्या मिस्टरांना ही खूण आवडेल, तक्त्यात घालता येते.

कपडे हा खरा बचाव, क्रीम त्यानंतर. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे, मानेवर पदर असलेली टोपी. धाकटी टोपी फेकेल, घाला, पुन्हा फेकेल. हनुवटीखाली बांधायची घ्या. उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा वरचं क्रीम, बाहेर पडण्याआधी वीसेक मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर दरवेळी. झिंक ऑक्साइड असलेलं घ्या. लहान कातडीला ते सोसतं आणि सामान तपासणीतही अडचण येत नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आणि हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्झेट असलेली क्रीमं विकायला बंदी आहे.

विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखेच असतात आणि संधिप्रकाश अगदी थोडका. सूर्य बुडाला की अंधार पडलाच. म्हणजे संध्याकाळचा दुसरा डावही दोन-अडीच तासांचाच. नऊ दिवसांच्या तक्त्यात खऱ्या अर्थाने वापरता येणारे तास मोजून पाहा, म्हणजे रोज एक ठिकाण का बसत नाही ते मिस्टरांनाच दिसेल.

आता पाणी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बुडण्याने मरणाऱ्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांचं प्रमाण जगभर सगळ्यात जास्त आहे, आणि तुमची धाकटी त्या वयात आहे, थोरलाही अजून त्यातून बाहेर पडलेला नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाजाला श्वासच उरत नाही. मांडीएवढ्या पाण्यातही काही क्षणांत सगळं होतं. म्हणून मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर. काठावरच्या खुर्चीतून ‘लक्ष ठेवणं’ हे लक्ष नव्हे. फुगवायच्या बाह्या आणि रबरी बदक ही खेळणी आहेत. जीव वाचवायला मापात बसणारं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेटच लागतं, आणि ते घातलेलं असलं तरी तुम्ही जवळ हव्यातच. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा निऑन रंगाचे घ्या. निळा-पांढरा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो.

घात बहुतेक वेळा समुद्रात होत नाही. तो होतो खोलीसमोरच्या पोहण्याच्या तलावात, सामान लावताना, जेव्हा आईला वाटतं बाबांकडे आहे आणि बाबांना वाटतं आईकडे आहे. त्यासाठी एकच नियम करा : पहारा कुणाचा, हे तोंडाने म्हणायचं. “आता माझ्याकडे.” “घेतली.” अर्धा तास झाला की बदली. ज्याचा पहारा, त्याचा फोन बॅगेत. थोडं नाटकी वाटेल, पहिल्या दिवसानंतर सवय होते. खोली निवडतानाही हेच बघा : दार उघडलं की थेट तलाव नको, गॅलरीच्या कठड्यात बाळाचं डोकं जाईल एवढी फट नको, दाराला उंचावर कडी हवी, तलावाला कुंपण असेल तर फारच छान. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या त्या सुंदर झोपड्या पुढच्या सहलीसाठी ठेवा. काही रिसॉर्ट लहान मुलं असलेल्यांना त्या देतच नाहीत, ते योग्यच करतात.

जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात नेऊच नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा मात्र सपाट, जरा गढूळ दिसतोय, तर ती पोहायची जागा नाही, तो पाणी बाहेर ओढून नेणारा प्रवाह असू शकतो. मोठं माणूस त्यात सापडलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर येतं; कडेवर मूल असेल तर तेवढं बळ राहत नाही.

पहाऱ्यावरून आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत पण पत्राच्या ओळींमधून डोकावते आहे. तक्ता मिस्टरांनी केला. बॅगा कोण भरणार? खाऊ, डायपर, औषधं, झोपवणं? अशा सहलीत बाईचं काम तेच राहतं, फक्त खिडकीतून समुद्र दिसतो. हे निघण्याआधी बोला, तिथे जाऊन नाही. ओळीने दोन सकाळी वाटून घ्या : एका सकाळी ते दोन्ही मुलांना घेऊन ओहोटीच्या डबक्यांत, आणि तुम्ही पुस्तक घेऊन, किंवा झोपून, किंवा एकट्या पोहायला. दुसऱ्या सकाळी ते मोकळे, पहाटेच्या बोटीने हवं तिथे जाऊ देत. त्यांच्या तक्त्यातली एक-दोन ठिकाणं अशीही पार पडतील. सासूबाईंना बरोबर नेत असाल तर आनंदाने न्या, पण मुलं सांभाळायला म्हणून नको. त्यांची वेगळी खोली, त्यांच्या आवडीचा एक दिवस, हे आधी ठरलेलं असू दे. त्यांच्या ‘कशाला’मागे भीती आहे, आणि भीती निराधार नाही, हेही त्यांना एकदा म्हणा.

प्रवासाचं थोडक्यात. विमान दुपारच्या आत पोचेल असं घ्या. मालदीवमध्ये समुद्रविमानं फक्त उजेडात उडतात. उशिरा उतरलात तर रात्र राजधानीजवळच काढावी लागते, आणि ती हॉटेलच्या हिशेबात कुणी धरलेली नसते. विमान उतरताना धाकटीला पाजा किंवा बाटली द्या, गिळण्याने कानातला दडा सुटतो. मांडीवरचं तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच चालतं, आणि सहलीतच वाढदिवस आला तर परतीला वेगळी जागा घ्यावी लागते. म्हणजे ही सहल आणखी लांबवत गेलात तर ही सवलतही जाईल. बऱ्याच बेटांवर टॅक्सीत मुलांची सीट नसते. हॉटेलला आधी विचारा, नसेल तर आपली न्या.

डॉक्टरांकडे चार ते सहा आठवडे आधी जा, लसी राहिल्या असतील तर त्यांना तेवढा वेळ लागतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे नेमकं तुमच्या बाहेर असण्याच्या वेळी. डास पळवणारं औषध सनस्क्रीननंतर लावायचं, मुलांच्या तळहातांना लावायचं नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल असलेलं औषध तीन वर्षांखालच्यांना चालत नाही, तेव्हा दोघांसाठी एकच बाटली घ्यायच्या मोहात पडू नका. बॅगेत ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध वजनाप्रमाणे मात्रा लिहून, थर्मामीटर, घामोळ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. सहा तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडलं, तर वाट न बघता डॉक्टर. म्हणून बेट पक्कं करण्यापूर्वीच हे विचारा की मुलांचे डॉक्टर असलेलं जवळचं रुग्णालय किती दूर आहे आणि रात्री तिथे पोचता येतं का. छोट्या बेटांवर बहुधा एक आरोग्य केंद्र असतं आणि पुढे बोट. हे उत्तर ऐकून एखादं देखणं बेट यादीतून गळालं तर गळू द्या. विमा घ्या, आणि त्यात आजारी माणसाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा.

नारळाखाली चादर पसरू नका, नारळ पडताना सांगून पडत नाही. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात; फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात, पावसात त्याखाली उभंही राहू नये. अनेक ठिकाणी खोडावर लाल खूण किंवा पाटी असते. थोरल्याला सांगून ठेवा, खाली पडलेलं काही तोंडात घालायचं नाही.

राहिलं स्नॉर्केलिंग. साडेचार वर्षांच्या मुलाला नळीतून तोंडाने श्वास घेणं बहुधा जमत नाही. नळीत पाणी शिरलं की तो घाबरतो आणि मग पुढची काही वर्षं समुद्राचं नाव काढत नाही. पण मासे बघायला नळी लागतच नाही. नुसता मास्क लावून कमरेएवढ्या संथ पाण्यात उभं राहायचं, श्वास धरून तोंड बुडवायचं, वर यायचं. लाइफ जॅकेट अंगात आणि तुमचा हात त्याच्या पाठीवर. ज्याला हेही नको असेल त्याला काचेच्या तळाची बोट. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, माशांना खायला घालायचं नाही, हे पाण्यात शिरण्याआधी सांगा. मास्क मात्र आत्ताच घ्या, भाड्याचे मास्क एवढ्या छोट्या चेहऱ्याला बसत नाहीत. निघेपर्यंत रोज आंघोळीच्या वेळी त्याला बादलीत तोंड घालून खेळू दे, म्हणजे तिथे गेल्यावर मास्क घालायला तो कुरकुर करणार नाही.